आत्याचा बारावा डबा

"लपवावं असं, की शोधणाऱ्याची कंबर दुखावी, पण मान मोडू नये," असं माझी आत्या नेहमी म्हणायची.

रबरी शिक्के कोरणं हा तिचा धंदा. कचेरीसमोरच्या चार हात रुंद दुकानात 'मंजूर', 'नामंजूर' अशी उलटी अक्षरं कोरण्यात तिची हयात गेली. उतारवयात तिनं एक खेळ काढला. गावात डबे लपवायचे. प्रत्येक डब्यात एक कोरलेला शिक्का आणि एक वही. ठावठिकाणा म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर एकच ओळ. डबा सापडला की शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, डब्यातल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथंच ठेवायचा.

जागा निवडायला तिला आठवडा लागे. बाकावर बसून ती बघत राही: झाडूवालीचा झाडू कुठवर पोचतो, कुत्रं कुठं पाय वर करतं, पाणी कुठून वाहतं. "सहज सापडला तर तो कचरा," ती म्हणे. "शोधून सापडला तर डबा."

अकरा डबे सगळ्यांत आधी शोधले ते तिच्या धाकट्या दिरांनी. मी त्यांना काका म्हणे. ते नळाची कामं करत. त्यांनी बसवलेला नळ म्हणे कधी गळत नसे. तोंड मात्र अखंड वाहे.

बाराव्या डब्याची ओळ फळ्यावर लागली: 'जिथं छाती फुगते, तिथं कंबर वाकवा.'

"वहिनी, रविवारी संध्याकाळपर्यंत शोधला नाही तर मिशी उतरवतो!"

"मिशी घेऊन मी काय करू, दुकान झाडू? त्यापेक्षा मी सांगेन ते काम करा. निमूट."

"कबूल. आणि सापडला तर दादाचा चाकू माझा."

आत्यानं पिशवीतला चाकू चाचपला. तो चाकू तिच्या नवऱ्यानं करवतीच्या पात्यातून घासून केला होता. प्रत्येक शिक्का तिनं त्याच चाकूनं कोरलेला. तरी म्हणाली, "ठरलं."

काकांनी व्यायामशाळा उलथीपालथी केली. कवायतीचं मैदान पालथं घातलं. बँडवाल्याच्या कर्ण्यातसुद्धा हात घालून आले. रोज संध्याकाळी मात्र बागेत येऊन मुख्य नळाच्या खड्ड्यावरच्या लोखंडी झाकणावर उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हे आपलं काम! पंधरा वर्षं झाली, थेंब नाही!"

शनिवारी ते तिथंच बुटाची नाडी बांधायला वाकले. समोरच्या बाकावर आत्या बसली होती. तिचा हात पिशवीतल्या चाकूवर गेला. काकांनी नाडी बांधली, झाकणावर दोनदा पाय आपटला आणि म्हणाले, "बघा, कसं भक्कम!"

रविवारी दिवे लागले.

"हरलात, भाऊजी. आता खाली उतरा."

"कशावरून?"

"झाकणावरून."

काकांनी झाकण उचललं. आतल्या बाजूला तारेनं बांधलेला डबा, कोरडा ठणठणीत. खाली मात्र खड्ड्यात वीतभर पाणी, आणि नळाच्या जोडातून टप टप थेंब. डब्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर आत्याचा शिक्का होता: एक नळ, त्याखाली एक थेंब.

"वहिनी, हे तुम्हाला आधीच..."

"जागा निवडताना झाकण उचललं, तेव्हाच दिसलं. तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

काकांनी तोंड उघडलं.

"निमूट," आत्या म्हणाली.

तिनं चाकू पिशवीत खाली सरकवला आणि फाटकाकडे निघाली. शोधणाऱ्याच्या दुखऱ्या कमरेची नक्कल करत, एक हात कमरेवर ठेवून, चांगली ठुमकत. मी बघत होतो. खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातलेले काकाही बघत होते. मुठीत पाना, तोंड बंद.