जिताड्याचं गोत

तळं उपसताना गाळाचा वास आला की तो उन्हाळा आठवतो. आमच्या पेणच्या खारपट्टीत घरच्या तळ्यातला पहिला जिताडा लेकीच्या सासरी जातो. धाकट्या ताईनं रोह्यात परजातीत लग्न केलं, म्हणून वडिलांनी मासा फक्त थोरलीकडे पाठवायला काढला. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. न राहवून म्हणालो, "बाबा, काटेरी परांच्या माशांची वंशावळ आता नव्यानं मांडलीय. आपला मानाचा जिताडा नि तो स्वस्तातला चपटा लेपा एकाच गोताचे निघाले." जिताड्यावर ओलं गोणपाट घालत ते म्हणाले, "आसतील. माशांना गाव बोलत नाय." बाबा वारल्यानंतरचा पहिला जिताडा मी रोह्याला नेला. ताईनं गोणपाट उचलून बराच वेळ पाहिलं, पुन्हा नीट झाकलं. म्हणाली, "आमच्यात मासे खात नाय रे."