हरायच्या वेळी दिलेली खुर्ची

माझे भाऊजी हरिहरराव म्हणजे संशयाचं पोतं. दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं नाही, तर आज का घातलं नाही म्हणून हे दिवसभर अस्वस्थ. सरोजिनीताईनं, माझ्या बहिणीनं, यांच्याशी संसार कसा केला ते तिचं तिलाच ठाऊक.

ते इतिहासाचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवू लागले. त्यांचा लाडका धडा एकच, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत बनलेलं संयुक्त सरकार. तो असा शिकवायचे, की कैसरनं, त्या जर्मन बादशहानं, जणू यांनाच गंडवलं होतं. जिंकायची आशा होती तोवर बादशहा आणि सेनापती लोकांच्या पक्षांना विचारत नव्हते. १९१८ च्या शरदात लढाई हरल्याचं कळलं, तेव्हा सेनापतीच म्हणाले, आता यांना सरकारात घ्या. एक राजपुत्र पंतप्रधानाच्या जागी बसवला, कालचे विरोधक त्याचे मंत्री झाले. संसदेचं राज्य आलं म्हणून लोक हरखले. थोड्याच दिवसांत बादशहा पळाला. युद्धबंदीवर सही करायला पाठवला तो एक साधा पुढारी. पुढे सेनापती सांगत सुटले, सैन्य हरलंच नव्हतं, या लोकांनी पाठीत सुरा खुपसला. सही करणाऱ्याला तीन वर्षांच्या आत जंगलात गोळ्या घातल्या.

"हरायच्या वेळी कोणी खुर्ची दिली, तर आधी खाली वाकून पाहा," भाऊजी पोरांना बजावायचे. खुर्ची घेणाऱ्या त्या पुढाऱ्यांना ते सरळ मूर्ख म्हणायचे.

त्यांची मुलगी जुईली अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात शिक्षिका. शाळा पाटलांची. आधी आजोबा अध्यक्ष, मग वडील, आता आप्पासाहेब. शिक्षकांना आणि पालकांना कारभारात जागा द्या, असं जुईली आणि नत्थुजी नावाचे एक शेतकरी वर्षानुवर्षं मागत होते. आप्पासाहेबांनी त्यांना कधी नीट बसाही म्हटलं नाही. यंदाच्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गाचा स्लॅब कोसळला. पोरं मैदानात होती म्हणून वाचली. पालकांनी शाळेचं फाटक अडवलं आणि गावात रोज भांडणं पेटू लागली.

मग पोळा आला. त्या गावात तोरणाखालून पहिली जोडी जाते ती पाटलांची, हा पिढ्यांचा मान. यंदा आप्पासाहेबांनी माइकवरून तो मान नत्थुजींच्या जोडीला दिला. नत्थुजींचे डोळे भरून आले. तिथंच शाळेचं नवं मंडळही जाहीर झालं: अध्यक्ष तेच, पण निम्मी माणसं विरोधकांची आणि सचिव जुईली मॅडम. गावानं गुलाल उधळला.

जुईली अमरावतीला आली, तेव्हा मी तिथंच होतो.

"नाही म्हणून टाक," भाऊजी म्हणाले.

"बाबा, इतकी वर्षं आमी हेच तर मागून राहिलो होतो."

"मागत होता तेव्हा नाही दिलं. आता कावून देऊन राहिला? पोळ्याचा मान कोणी फुकट सोडते का? ती पडायले आलेली इमारत बंद करावी लागते, हे त्याले पक्कं माहीत आहे. जो बंद करेल त्याले गाव शिव्या देईल. त्याले तिथं तुझं नाव पाहिजे."

"मलेही माहीत आहे."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. "तरी घेतेस?"

"तुमच्या त्या पुढाऱ्यानं सही केली नसती तर काय झालं असतं?"

"बादशहालेच करावी लागली असती!"

"अन् तो करेपर्यंत खंदकात किती पोरं मेली असती, बाबा?"

भाऊजी त्यांच्याच धड्यात सापडले. मला तर मनातून बरंच वाटलं.

सचिव झाल्यावर जुईलीनं पहिलं काम केलं ते इमारतीला कुलूप लावायचं. लहान वर्ग देवळाच्या सभामंडपात बसले, मोठ्यांना एसटीनं अंजनगावला जावं लागलं. पुष्कळांनी मुलींना घरीच बसवलं. नत्थुजींची नातही बसली. गुलाल उधळणारे आता मॅडमच्या नावानं खडे फोडू लागले.

दिवाळीआधी गावात सभा झाली. भाऊजी आणि मी मागच्या रांगेत बसलो. आप्पासाहेब अगदी दुःखी चेहऱ्यानं बोलले. "आमच्या तीन पिढ्यांत शाळेले कधी कुलूप लागलं नाई. गावानं कारभार मांगितला, आमी देला. आता तुमीच पाहा." टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली मान घालून नत्थुजीही वाजवत होते. स्टेजच्या कडेला जुईली ताठ बसली होती. माझं डोकं फिरलं. भाऊजी आता "मी सांगितलं होतं" म्हणणार, याची मला खात्री होती.

शेजारच्या माणसानं टाळ्या वाजवतच विचारलं, "कोनाची हो ते मॅडम? कुठून आनली?"

भाऊजी उभे राहिले. वर्गात लागतो तोच आवाज लावला.

"माझी पोरगी आहे. कुलूप तिनंच लावलं. तुमची पोरं जिती आहेत, म्हणून तुमाले टाळ्या सुचून राहिल्या."

टाळ्या काही लगेच थांबल्या नाहीत. नत्थुजींचे हात मात्र थांबले.