कटिंग की शिलाई

मास्तरांच्या दुकानात एक पडदा होता. पडद्याच्या पुढे मास्तर, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात खडीसाखर. पडद्याच्या मागे शिलाई मशीन आणि मशीनवर काकू. कापलेलं कापड पडद्याखालून आत यायचं, शिवलेली पँट पडद्यावरून बाहेर जायची. लग्न होऊन घरात आल्या आल्या काकू त्या स्टुलावर बसल्या, त्या थेट मास्तर आडवे पडेपर्यंत उठल्या नाहीत.

गिऱ्हाइकांना एवढंच ठाऊक, की आत कारागीर आहे. कारागीर म्हणजे मास्तरांची बायको, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि सांगायचं मास्तरांना.

मास्तरांचा मापात हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पोट आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक त्यांना दुकानाची पायरी चढतानाच ओळखू यायचं. त्याला ते गप्पांत गुंतवायचे, त्याचा श्वास सुटला की टेप आवळायचे, आणि मोठ्याने आकडा सांगायचे तो खऱ्यापेक्षा दोन इंचांनी कमी. गिऱ्हाईक खूश, सोबत आलेली त्याची बायको खूश. "पुरुषाचं माप खरं घ्यावं, पण सांगताना खोटं सांगावं," असं रात्री जेवताना सांगून मास्तर स्वतःच ठसका लागेपर्यंत हसायचे.

पण कात्री म्हटली की कधीतरी घसरणारच. मांडीत आवळलेली, मागे झोळ आलेली पँट परत यायची. गिऱ्हाईक ती काउंटरवर आपटून विचारायचं, "मास्तर, कटिंग चुकलं की शिलाई?"

मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे, पँट उलटी करायचे, शिवणीवरून बोट फिरवायचे आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "शिलाईत गेली हो."

"मग कारागीर बदला की!"

"बदलायचा तर आहे, पण हा बदलता येत नाही!"

त्यातली मेख न कळताही दुकान हसायचं. पडद्यामागे काकू ती पँट मांडीवर घेऊन उसवायला लागायच्या.

नव्या नवलाईत एकदा त्या बोलल्या होत्या. "मागचा भाग तुम्हीच जास्त कापलात. मी शिवणार काय, माझं कपाळ?" मास्तर रागावले नाहीत. समजुतीने म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक कापणाऱ्याच्या नावावर येतं. शिवणाऱ्याचं नाव खराब झालं तर काय बिघडतं? त्याला नाव आहे कुठं?" त्यानंतर काकूंनी तोंड मिटलं आणि हात चालवला. चुकलेलं कटिंग शिवणीत दाबून घ्यायचं, झोळ गुपचूप जिरवायचा, हे त्या शिकल्या. अशी सावरलेली पँट घालून गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही." हेही पडद्यामागे ऐकू यायचं.

मग एके दिवशी माप घेता घेता मास्तरांच्या डाव्या हातातून टेप गळाला आणि मागोमाग मास्तर कोसळले. डावी बाजू गेली. उजवा हात राहिला, जीभ जड झाली तरी राहिली. लघवीवरचा ताबा मात्र गेला.

हॉस्पिटलात तरुण नर्स एक पाकीट घेऊन आली. आत नळी घालायचा त्रास नाही, हे लघवीच्या जागी बाहेरूनच चढवायचं, म्हणाली. पातळ रबराची टोपी, टोपीला नळी, नळीच्या टोकाला पलंगाखाली अडकवायची पिशवी. टोपीला आतून डिंक असतो, बरोबर मापाची असली की दिवसभर हलत नाही. एवढं सांगून तिने खिशातून भोकं पाडलेली कागदी पट्टी काढली. लहान भोक, मधलं भोक, मोठं भोक.

"आजोबा, माप घ्यायचंय."

मास्तरांनी पट्टीकडे पाहिलं. समोरच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला होता. मास्तरांच्या उशाशी त्यांचा मुलगा उभा होता, तो मोबाइलमध्ये डोकं खुपसल्यासारखं करत होता.

"मला माप शिकवता?" मास्तर म्हणाले. "मोठं द्या."

"सैल झालं तर गळतं, आजोबा. मला वाटतं मधलं—"

"मोठं म्हटलं ना एकदा!"

समोरचा पेशंट फिसकन हसला. नर्स लाल झाली. तिला अख्खा वॉर्ड उरकायचा होता, तिने मोठं चढवलं आणि कागदावर मोठं लिहिलं. काकू पायथ्याशी उभ्या होत्या. जन्मभर पुरुषांचे कपडे शिवलेल्या बाईला झोळ दिसायला पट्टी लागत नाही. पण न बोलायची सवय हाडीमासी मुरली होती.

घरी आल्यावर मुलाने लाल कडेच्या पाकिटांचा खोकाच आणून टाकला. सगळी मोठी. सकाळी काकू सगळं पुसून कोरडं करायच्या, टोपी चढवायच्या, डिंक धरावा म्हणून हाताच्या मुठीत थोडा वेळ धरून ठेवायच्या. दुपार होईतो टोपी निसटलेली असायची. चादर ओली, गादी ओली, खोलीत तो वास. काकू मास्तरांना कुशीवर वळवायच्या, चादर ओढून काढायच्या, धुवायच्या, दुसरी घालायच्या. संध्याकाळी मुलगा कामावरून यायचा आणि दारातच नाक मुरडायचा.

"आई, तू नीट लावत नाहीस का?"

"जरा सैल होतंय रे ते," काकू म्हणाल्या.

मुलाने बापाकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत म्हणाले, "हिचे हात थरथरतात. पहिल्यापासूनच हाताला वळण नाही."

मुलाचे कान तापले. बापाच्या त्या मापाबद्दल आईशी बोलायचं, त्यापेक्षा धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. "बरं बरं, उद्यापासून नीट लाव," म्हणून तो आत निघून गेला.

काकू स्वतः मेडिकलवर गेल्या आणि मधल्या मापाची दोन पाकिटं घेऊन आल्या, निळ्या कडेची. सकाळी मास्तरांचा डोळा लागलेला असताना त्यांनी त्यातलं एक चढवलं. दुपार झाली, चादर कोरडी. ऊन उतरलं, चादर कोरडी. पिशवी तेवढी भरत होती. काकू येता जाता गादीखाली हात घालून बघत होत्या आणि मनातल्या मनात हरखत होत्या. जन्मभर दुसऱ्याची कटिंगं सावरली, हा तर डाव्या हाताचा मळ होता.

संध्याकाळी मास्तरांना टेबलावरचं दुसरं पाकीट दिसलं.

"हे निळं कुठलं?"

"मधल्या मापाचं. बघा, दिवसभरात थेंब गळला नाही."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की जणू भर दुकानात कुणी त्यांची पँट उतरवली. "मला काय शाळेतलं पोर समजतेस?" ते ओरडले, आणि चांगल्या हाताने टोपी धरून ओढली. डिंक पक्का बसला होता. केसांसकट निघाला. ते दुखून कळवळले, तरी ओढतच राहिले. टोपी निघाली आणि त्या कोरड्या चादरीवर धार लागली.

काकूंनी चादर बदलली. उरलेलं निळं पाकीट दुकानातून आणून कोपऱ्यात ठेवलेल्या मशीनच्या खणात, सुया आणि बॉबिनांच्या शेजारी ठेवून दिलं. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. चिडल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांनी आलेली चीड लवकर उतरत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. ओलीत पडून पडून मास्तरांच्या कमरेखाली जखम झाली. डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की अंथरूण कोरडं राहत नसेल तर ही हाडापर्यंत जाईल. मुलाने एक शुश्रूषा केंद्र पाहिलं, खाट बोलून ठेवली. आईला एवढंच म्हणाला, "तुझ्याच्याने होत नाही, हे दिसतंय ना."

मास्तरांनी हाय खाल्ली. चांगल्या हाताने पलंगाचा दांडा गच्च धरून ते रडायला लागले. "मला इथून हलवू नका रे. काय व्हायचं ते याच खोलीत होऊ दे." मुलगा खोलीबाहेर गेल्यावर त्यांनी काकूंचा हात पकडला.

"तू सांग त्याला. तुझं ऐकेल तो."

"काय सांगू?"

"सांग, की चुकत होतं माझं, यापुढे नीट लावीन."

काकूंनी हात सोडवून घेतला. काय करावं या माणसाला! बुडतोय, तरी बायकोच्याच डोक्यावर पाय देऊन वर यायला बघतोय. त्यांना माफी नको होती, गोड बोलणं तर नकोच होतं. एक वाक्य हवं होतं, ते त्यांनी आपल्या मनात पक्कं केलं.

जायच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. मुलगा कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. काकूंनी मशीनचा खण उघडला आणि पलंगावर दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली, एक लाल, एक निळं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज खरं सांगा. कटिंग चुकलं की शिलाई?"

"आई, हे काय आता मधेच?" मुलगा म्हणाला.

"तू थांब. यांना एकदा म्हणू दे, की माप चुकलं. गाडी परत पाठव. मी यांना कोरडं ठेवून दाखवते, जखमही भरून आणते. कुणी कुठे जायचं नाही."

मुलाला कळलं असावं. न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. पण तो घड्याळाकडे बघत राहिला.

मास्तरांनी निळ्या पाकिटाकडे पाहिलं. मग खोलीकडे, खिडकीकडे, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या मशीनकडे. त्यांना राहायचं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ हलले. काकू वाकल्या. तेवढ्यात मास्तरांची नजर दारातल्या मुलावर गेली, आणि त्यांनी हनुवटी वर केली, अगदी काउंटरवर करायचे तशी.

"शिलाई," ते म्हणाले. जड जिभेने, पण स्पष्ट.

काकूंनी निळं पाकीट उचलून खणात टाकलं. लाल फोडलं, नेहमीसारखं सगळं पुसून कोरडं केलं, टोपी चढवली, मुठीत धरून ठेवली. कामात कसूर केली नाही. आपणच शिवलेली सैलशी पँट त्यांना घातली, बटणं लावली, आणि बाजूला सरल्या. गाडीत बसवेपर्यंत मास्तर मागे वळून "अगं, अगं" म्हणत होते. त्यापुढे काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा काकूंनी गादी उन्हात टाकली होती आणि मशीनवरचं कापड काढून त्या तेल घालत होत्या.

"आई, तिथला माणूस एकदम तयार आहे. गेल्या गेल्या पट्टी लावून माप घेतलं, बाबांना काही विचारलंसुद्धा नाही. निळ्या कडेचं कुठलंतरी लावतो. कालपासून एक थेंब नाही गळला."

"आणि हे काय म्हणाले?"

"काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवले नाहीत." मग मुलगा समजुतीने म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. शेवटी हातात कसब लागतं. तुझं आता वय झालं."

काकूंनी मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. ते अजून छान फिरत होतं.

"बरं झालं बाबा," त्या म्हणाल्या. "दुकानात लोक यांना सांगून सांगून थकले. बदलला एकदाचा कारागीर."