गळा बघितलेलं हरीण

"गळा बघितलाय मेट, क्लीन आहे." हरणाच्या मांसाची पिशवी कुंपणावरून देताना हे वाक्य तो कधी विसरला नाही. मी हात पुढे केला तरी वाक्य पुरं होईपर्यंत पिशवी सोडायचा नाही.

परदेशातल्या टाकानिनी या उपनगरातला हा आमचा शेजारी. वयाने माझ्या वडिलांएवढा, पण इथे सगळेच एकमेकांचे 'मेट', म्हणजे दोस्त, त्यामुळे माझ्या मनातसुद्धा तो 'तो'च राहिला. मित्रांबरोबर चार तास गाडी हाकत रानात शिकारीला जायचा. हरीण पडलं की बाकीचे फोटो काढायचे आणि हा सुरी घेऊन गळ्यातल्या गाठी चिरून बघत बसायचा. त्या रानात पोसम नावाच्या मांजराएवढ्या प्राण्यामुळे हरणांना कधीकधी टीबी होतो, आणि तो गळ्यातल्या गाठींत दिसतो. मित्र त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे.

२०१४ साली बाबा आमच्याकडे राहायला आले. कराडच्या जनावरांच्या दवाखान्यात सगळी नोकरी झालेली, इंग्रजी बेताचंच. पण त्यांच्या हातचा हरणाचा रस्सा खाताना शेजारी घाम पुसत "हीप्स हॉट!", म्हणजे जाम तिखट, म्हणायचा आणि वाटी पुन्हा पुढे करायचा. दोघांचं मेतकूट जमायला भाषा लागलीच नाही.

एका रविवारी त्याने बाबांना हाक मारली, मीही मागोमाग गेलो. बादलीत हरिणीचं डोकं होतं, गळ्यातली गाठ चिरलेली, आत पिवळट पू. बाजूला त्याचा गेल्या वीस वर्षांपासूनचा शिकारीतला जोडीदार उभा होता. बाबांनी वाकून बघितलं. "टीबीच हो हा. दुसरं काय?"

"पुरून टाक," जोडीदार म्हणाला. "सरकारला कळवलंस तर पोसम मारायला तिथे विष टाकतील. त्यात हरणंही मरतील, आणि कितीतरी महिने तिथलं मांस खाता येणार नाही. आपलं रान आहे ते, मेट!"

खरं सांगतो, मलाही वाटलं, पुरावं. कुणाला कळणार होतं? तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही वाटलं असतं.

आमचा शेजारी नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "डोंगराखाली लोकांच्या गाई चरतात," आणि फोन करायला आत गेला.

रानात विष पडलं. मित्रांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मला फार राग आला होता त्यांचा, पण तो त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलला नाही.

पुढे तो मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. मला मात्र त्याआधीच्या एका शनिवारची सकाळ आठवते. रान पुन्हा खुलं झालं होतं. कुणी बोलावलं नसताना तो बूट घालून, बॅग पायाशी ठेवून रस्त्याकडेला उभा होता. मित्रांची गाडी आली. त्याने हात वर केला. गाडी तशीच पुढे गेली.

बाबा आमच्या फाटकाशी दात घासत होते. त्यांनी घाईने ब्रश डाव्या हातात घेतला आणि उजवा हात उंच केला. वर राहिलेला आपला हात त्याने हळूच बाबांकडे वळवला.