रामोनचा पाच मे

सोमवारी लॉन्ड्रीत गेलो, तर चादरीचं दुसरं टोक धरायला भलताच माणूस उभा. "रामोन कुठंय?" म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, शनिवारी हार्ट अटॅकनं गेला, आणि त्याच दमात, "चला, ट्रॉली भरलीय." दीड महिना झाला, त्या सुपरवायझरचा राग गेलेला नाही. पण त्याहून जास्त राग मला माझाच येतोय, म्हणून लिहायला बसलोय. शिक्षण चौथी. चुकलं तर चुकू द्या.

शिकागोतल्या हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडं धुवायला येतात. मुलगा इंजिनियर. म्हणतो, "दादा, लोक मला काय म्हणतील? घरी टीव्ही बघा." मी ऐकत नाही. सहा वर्षं चादरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मेक्सिकोतल्या पुएब्ला गावचा रामोन. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही. ताणायची आणि चालत एकमेकांजवळ यायचं. दोघांचंही इंग्रजी मोडकं, म्हणून छान जमलं. मला 'कोम्पाद्रे' म्हणायचा, जवळच्या मित्राला म्हणतात तसं.

दर पाच मेला आमच्या कॅन्टीनमध्ये कागदी झेंडे, मोठमोठ्या टोप्या, बियरच्या जाहिराती लागायच्या. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. मी आपला सुनेकडून पेढे करून घेतले, पंधरा ऑगस्टला वाटतात तसे, आणि डबा रामोनपुढं धरला. त्यानं झाकण लावून परत दिला. "स्वातंत्र्य सप्टेंबरात. तेव्हा आण." (सप्टेंबरात स्वतःच हात पुढं करून उभा राहिला, "पेढा?") मग त्यानं सांगितलं. फ्रेंचांची फौज, तेव्हा जगात तिचा दरारा, त्यांच्या देशावर चालून आली. पुएब्लाच्या टेकडीवर दोन किल्ले. पाऊस, चिखल... आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं, शेतातले कोयते घेऊन आलेली, सैनिकांच्या बरोबरीनं उभी राहिली आणि फौज मागं फिरली. तो हा दिवस. रामोन दर वर्षी सुपरवायझरला हे सांगायला जायचा आणि तो म्हणायचा, "ओके अमिगो, टोपी घाल." रामोन लालबुंद होऊन परत यायचा आणि सगळं पुन्हा मला ऐकवायचा.

यंदा माझी पाठ दुखत होती. त्यानं सुरू केलं आणि मी फटकन म्हणालो, "पुढच्या वर्षी तेच फ्रेंच आले आणि तुमचं गाव घेतलं, तूच सांगितलंस ना? हरलात, मग सण कसला?"

त्यानं चादरीचं टोक सोडलं. उचललं, घडी पूर्ण केली. पण त्यानंतर आठ-दहा दिवस एक शब्द नाही. मीही बोललो नाही. माफी मागणं मला जमत नाही. वाटलं, बोलेल तो आधी...

मातीनंतर त्याच्या घरी गेलो, तर त्याच्या फोटोला कॅन्टीनमधल्यासारखीच मोठी टोपी घातलेली. त्याचा मुलगा हेक्टर पाहुण्यांना सांगत होता, पापाला इंडिपेंडन्स डेची पार्टी फार आवडायची.

"काढ ती टोपी," मी म्हणालो.

"मिस्टर, रिलॅक्स. टोपीच तर आहे."

मी तिथंच त्याला सगळं सांगितलं, किल्ले, चिखल, कोयते, पुढच्या वर्षी गाव गेलं तेही. तो म्हणाला, "हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "सांगितलं असेल. तू हसला असशील." तो खाली बघायला लागला. मग विचारलं, "पण नंतर तर हरलो ना? मग पापा एवढे कशाला अडून बसायचे?"

माझंच वाक्य. कानाखाली बसल्यासारखं झालं.

मग मी त्याला माझ्या बापाचं सांगितलं. बाबासाहेबांबरोबर महाडला जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यालेला माणूस. आम्हाला बंदी होती त्या तळ्याला. प्याले म्हणून त्याच दिवशी मार खाल्ला, नंतर गावातल्या सवर्णांनी शेणा-गोमूत्रानं तळं शुद्ध करून घेतलं, कोर्टात दहा वर्षं गेली. तरी आमच्या घरात तो दिवस पाळतात. का, ते बापाला कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

हेक्टर म्हणाला, "पाणी कसं लागलं त्यांना?"

"साधंच, म्हणायचा. तळ्याचं असतं तसं."

रामोन मला कितीदा म्हणाला होता, "कोम्पाद्रे, तुमच्या लोकांचा असा दिवस नाही का?" परक्या मुलखात आपली जात कशाला काढा, म्हणून मी दर वेळी म्हणायचो, नंतर सांगतो.