पाव किलो हवा

आमच्या अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे तराजूकाका म्हणत. काम एकच: धुरात शिरणाऱ्या जवानांच्या पाठीवरचे हवेचे सिलिंडर भरणं. पंपाचा काटा आकड्यावर आला की दुसरा कुणीही हात झटकून चहाला गेला असता. हे गृहस्थ तापलेला सिलिंडर गार होऊ देत, दाब उतरला असेल तेवढी हवा पुन्हा भरत आणि मग तो वजनकाट्यावर चढवत. रिकाम्याचं वजन वजा केलं की आत खरी हवा किती, ते कळायचं. "काटा दाब सांगतो, हवा तराजू सांगतो," हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मी वेळेचा फळा सांभाळायचो. कोण किती वाजता आत गेलं आणि कधी परत फिरवायचं, हे बाहेर बसून ठरवणारा माणूस. गणितात मी स्वतःला शहाणा समजे, दीडशहाणाच म्हणा. दोनशेच्या दाबाचे जुने सिलिंडर जाऊन तीनशेचे आले, तेव्हा तक्ता मीच केला. दाब दीडपट, म्हणून हवा दीडपट, म्हणून वेळ दीडपट. चौतीस मिनिटांची एक्कावन्न झाली.

"एक्कावन्न नाही, शेहेचाळीस धर," काका म्हणाले. "तुझ्या हिशेबापेक्षा प्रत्येकात पाव किलो हवा कमी आहे."

"गळतात का?"

"गळत नाहीत रे. तू कागदावरची हवा मोजलीस. तिच्या कणांना अंगच नसतं, कितीही कोंबा. खऱ्या कणांना अंग असतं, ते जागा अडवतात. दोनशेपर्यंत फरक मिनिटभराचा, तो खपून गेला. तीनशेला दाटी होते, मग कमी हवेतच काटा वर चढतो."

"म्हणजे हवेलाही कोपर असतात म्हणा की!" मी हसलो. काका केंद्रप्रमुख साहेबांकडेही गेले. साहेब म्हणाले, ज्याने तक्ता केला त्याच्याशी बोला. झालं, घोडं तिथंच अडलं.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, एका गोदामाच्या तळघरात आग लागली. टोकाला तेलाच्या टाकीची झडप होती, ती बंद करायला दोघे आत गेले. त्यातला एक काकांचा जावई. टोकापर्यंत पोचायला त्यांना पंधरा मिनिटं लागली, म्हणजे परतायलाही तेवढीच हवीत. धुरात खांद्यावरचा काटा दिसत नव्हता. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते खरी, पण तेव्हा आठ-नऊ मिनिटंच उरलेली असतात. सगळी भिस्त माझ्या फळ्यावर. त्यावर मी लिहिलं होतं: बत्तिसाव्या मिनिटाला परत.

सव्विसाव्या मिनिटाला काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. जादा सिलिंडर घेऊन ते गाडीबरोबर आले होते.

"त्यांना फिरव."

"अजून सहा मिनिटं आहेत."

"नाहीत. बत्तिसाला फिरले तर दारापर्यंत पोचत नाहीत."

तेवढ्यात रेडिओवर जावयाचा आवाज आला. "झडप गंजलीय. थोडी हललीय. पाच मिनिटं द्या."

झडप राहिली आणि टाकी पेटली तर खापर माझ्या डोक्यावर. आणि मनात दुसरंही आलं, ते सांगायला हवं: सासरा आहे, जावयासाठी जीव तुटतोय, हवेचं निमित्त करतोय. सत्ताविसावं मिनिट गेलं. अठ्ठाविसावं गेलं. काकांनी आवाज चढवला नाही. रेडिओही हिसकावला नाही, कारण फळ्यावरच्या माणसाखेरीज कुणाचा हुकूम आत मानत नसत.

"दुसऱ्याच्याही सिलिंडरचं वजन मीच केलंय," एवढंच ते म्हणाले.

एकोणतिसाव्या मिनिटाला मी ओरडलो, "सोडा! आत्ता फिरा!"

पुढची मिनिटं कशी गेली ते विचारू नका. माझ्या फळ्याप्रमाणे शिट्टी वाजायला वेळ होता, तरी अडतिसाव्यालाच ती रेडिओवर ऐकू आली. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला जोडीदार जावयाला काखेत धरून, जवळजवळ फरफटत, पायऱ्या चढला. जावई अंगाने दांडगा, त्याला हवा जास्त लागायची. मुखवटा चेहऱ्याला चिकटला होता. काकांनी तो ओढून काढला आणि पोराने मोठ्याने श्वास घेतला. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पायऱ्या संपल्या तिथंच त्याची हवा संपली होती.

दुसऱ्या तुकडीने झडप बंद केली. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वेळेआधी माघारी कुणी बोलावलं?"

"यानेच," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

साहेबांनी माझी पाठ थोपटली. जावयाने माझे दोन्ही हात धरले, त्याचे डोळे भरून आले होते. काका शेजारीच उभे होते. ती तीन मिनिटं फक्त त्यांना आणि मला ठाऊक होती. ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.