रुळापुढची दांडी

आमच्या धुलाई कारखान्यात दोघी बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. खरी नावं हजेरी घेणाऱ्यालाच ठाऊक. थोरली म्हणजे गरीब गाय. मुकादम अंगावर आला तरी खाली मान घालून चादरी सारख्या करत राहायची. मला तिचा राग यायचा. एवढं सोसायचं कशाला, म्हणून मी तिला पुष्कळदा सुनावलंय. ती आपली हसायची.

इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी धुऊन आल्या की दोन तापलेल्या रुळांमधून जायच्या. अलीकडे दोघी कोपरे धरून चादर आत सारायच्या, पलीकडे मी घड्या घालायची. एका दुपारी चादरीला चुणी पडली. ती काढायला धाकटीनं हात पुढे केला आणि रुळांनी चादरीबरोबर हातही ओढून घेतला. मशीन बंद करायचं बटण पार भिंतीपाशी. थोरली धावली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. धाकटीचा उजवा हात कोपरापासून गेला.

दुसऱ्या दिवशी मालकानं सांगितलं, बाईचीच चूक, तिचं लक्ष नव्हतं. झालं, थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ चालत गेली, सगळी मशीनं बंद करणारा मोठा खटका खाली ओढला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"माझ्या बहिणीचं लक्ष चादरीवर होतं," ती म्हणाली. "तुमच्या चादरीवर."

आवाज चढवला नव्हता, पण बॉयलरवाल्यापर्यंत गेला. आम्ही सगळ्या कामावरून उठलो. मी जन्मात कधी इतकी चिडले नव्हते आणि खरं सांगायचं तर इतकी खूशही कधी नव्हते. बाकीच्या धुलाई कारखान्यांतल्या बायाही बाहेर पडल्या. राग धाकटीच्या हाताचा होता, पण त्यात प्रत्येकीनं आपापला कालवला. कुणी मुकादमाचा, कुणी नवऱ्याचा. शेवटी मालक नमले. प्रत्येक मशीनला रुळापुढे एक आडवी दांडी बसली. दांडीला काही लागलं की रूळ जागच्या जागी थांबणार. पुढे सरकारनं तसा नियमच केला. थोरलीला सभांना बोलवायला लागले.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. थोरली सांगायची, लोकांचे डोळे भरायचे, टाळ्या पडायच्या. पुढच्या सभेत पुन्हा तेच. मग एका सभेत ती तेच सांगत होती आणि समोर बसलेला एकजण घड्याळ बघत होता. राग काय, रोज सकाळी ताजा मिळतो थोडाच.

आणि ती दांडी भारी चिकित्सक निघाली. चादरीची जाड शिवण लागली तरी थांबायची. पुन्हा चालू करेपर्यंत वेळ जायचा, चादरी कमी भरायच्या, आणि आमची मजुरी चादरीवर. कुणीतरी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि दांडी वर बांधून टाकली. बघता बघता सगळ्याच मशीनच्या दांड्या वर गेल्या. मालकाला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. त्यानं 'दांडी बांधू नये' अशी ठळक पाटी लावली आणि चादरींचा कोटा वाढवून ठेवला.

थोरली सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पट्ट्या सोडायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या पुन्हा बांधलेल्या. आधी बाया तिच्या पाठीमागे बांधायच्या, मग तोंडावर बांधायला लागल्या, हसायलाही लागल्या. ज्या संपात तिच्यासाठी अर्धपोटी राहिल्या होत्या, त्याच ह्या. मी भांडले, तर एकीनं विचारलं, माझ्या घराचं भाडं तू भरतेस का?

अशात धाकटीची पोर कामाला लागली, आईच्याच जागेवर. थोरलीनं मुकादमाच्या हातापाया पडून तिच्या जोडीला जागा मागून घेतली. सभा नको, टाळ्या नकोत, ह्या एका मशीनची दांडी खाली राहावी एवढंच तिला आता हवं होतं. पोर गुणी, मावशीचा शब्द मोडायची नाही. पण ह्यांच्या चादरी रोज कमी पडायच्या. मुकादमानं पोरीला बजावलं, असंच चाललं तर घरी बस.

आणि एका संध्याकाळी धाकटी कारखान्याच्या फाटकात आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. रिकामी बाही दुमडून पिन लावलेली. तिनं बहिणीला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते, माझं त्यांना काही नव्हतं.

"ताई, पोरीला दांडी बांधू दे."

थोरली म्हणाली, "हे तू सांगतेस? तू?"

"मीच सांगणार. दुसऱ्या कुणाचं तू ऐकायची नाहीस. पोरीची नोकरी गेली तर आम्ही खायचं काय?"

मला धाकटीचा संताप यायला हवा होता. आला नाही. मालकाचाही आला नाही. आतून नुसतं रिकामं वाटलं, आणि भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी थोरली नेहमीसारखी लवकर आली, पण एकही पट्टी सोडली नाही. एक नवी फाडली, भाचीच्या मशीनची दांडी वर धरली आणि बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. पोर मदतीला पुढे आली.

"राहू दे. टोक लोंबलं तर रुळात जातं," थोरली म्हणाली आणि उरलेलं टोक तिनं दातानं तोडून टाकलं. मग चादरीचे आपल्या बाजूचे कोपरे उचलले आणि पोरीला म्हणाली, "हं, सार."